लहानपणी खेळलेला भुयारांचा आणि रंगीत स्फटिकांचा खेळ : नाव ओळखण्यासाठी मदत हवी आहे

प्रश्न

नमस्कार. लहानपणी खेळलेल्या एका संगणकीय खेळाचे नाव मला हवे आहे. त्याचे तुकडे मनात पक्के बसले आहेत, पण ते सांधून एक अखंड खेळ उभा राहत नाही, आणि नावाचा तर मागमूसही नाही. काळ साधारण १९९३ ते १९९६ च्या दरम्यानचा असावा. संगणक माझ्या थोरल्या मावसभावाचा होता. तो सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटत, दादा काहीतरी टाइप करी आणि खेळ सुरू होई. त्या संगणकावर विंडोज पाहिल्याचे मला आठवत नाही.

खेळ बाजूने दिसणारा होता. डोक्यावर गोल शिरस्त्राण घातलेला एक बुटका माणूस भुयारांमधून चालत असे आणि एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उड्या मारत असे. भुयारात जागोजागी लाल, हिरवे, निळे, पिवळे स्फटिक पडलेले असत आणि ते गोळा करणे हेच मुख्य काम होते. माणसाजवळ बंदूक होती, पण गोळ्या अगदी मोजक्या मिळत, त्यामुळे कुठला प्राणी मारायचा आणि कुठल्याला नुसते चुकवायचे याचा विचार करावा लागे. हा भाग मला फार आवडायचा आणि कदाचित त्यामुळेच तो इतका स्पष्ट लक्षात राहिला आहे.

आणखी एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकेन. कुठल्याशा टप्प्यावर तो माणूस उलटा होऊन छतावरून चालू लागत असे. उडी मारली की तो खाली येई आणि परत छताला चिकटे. त्या वेळी डावे-उजवे सांभाळताना माझी धांदल उडत असे आणि दादा शेजारून सूचना देत असे. दुसऱ्या एका टप्प्यात बंदूक झाडली की माणूस स्वतःच मागे ढकलला जाई. बाकी सगळीकडे तसे होत नसे, एवढे नक्की.

यानंतरच्या दोन आठवणी मात्र जुळत नाहीत. एक म्हणजे चष्मा. कुठेतरी चष्मा सापडे आणि तो उचलला की आधी न दिसणाऱ्या पायऱ्या किंवा पूल दिसू लागत. दुसरी म्हणजे वरून पाहिलेले एक बेट. त्या बेटावर माणूस इमारतींपर्यंत चालत जाई आणि तिथून पुढचा टप्पा सुरू होई. भुयारांच्या खेळात बेट कुठून आले, हे मला सांगता येत नाही, पण दोन्ही चित्रे मनात एकाच खेळाची म्हणून साठलेली आहेत.

शिरस्त्राणामुळे काही परिचितांनी मला ‘कमांडर कीन’ हे नाव सुचवले होते. तो खेळ मी पाहिला आणि तो निश्चितच नव्हे, कारण कीनजवळ उड्या मारण्यासाठी पोगो काठी असते आणि माझ्या आठवणीत तशी काठी कुठेही नाही. दादाला विचारले, तर त्याला स्फटिक आठवतात, बाकी काही नाही. कोणाला हे वर्णन ओळखीचे वाटत असेल, तर कृपया सांगावे.

प्रतिसाद १

वर्णन वाचताच मला ‘डेंजरस डेव्ह’ आठवला. जॉन रोमेरो यांनी तो मुळात १९८८ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी लिहिला आणि १९९० मध्ये तो डॉसवर, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालणाऱ्या जुन्या संगणक प्रणालीवर आला. त्या काळात हा खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर इतका फिरला, की डॉस असलेल्या संगणकावर तो सहज आढळत असे. बाजूने दिसणारे भुयारासारखे टप्पे, रंगीत रत्ने, मध्येच मिळणारी बंदूक हे सगळे त्यात आहे. एकूण दहा टप्पे असून प्रत्येक टप्प्यात एक चषक असतो. तो उचलल्याशिवाय बाहेर पडण्याचे दार उघडत नाही. काही टप्प्यांमध्ये पाठीवर बांधायचे उडते यंत्रही मिळते, त्यामुळे छताजवळून जाण्याची तुमची आठवण कदाचित त्याच्याशी जोडलेली असू शकेल. डेव्हच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, टोपी आहे, पण एवढ्या लहान चित्रात मुलाला ती शिरस्त्राणासारखी वाटणे शक्य आहे. एकदा पाहून घ्यावे.

प्रतिसाद २

‘डेंजरस डेव्ह’ सुचणे स्वाभाविक आहे, पण मला तो इथे बसत नाही. त्या खेळात बंदूक मिळाल्यावर त्या टप्प्यापुरत्या गोळ्या संपतच नाहीत. प्रश्नकर्त्यांना मात्र गोळ्या जपून वापरणे हीच सर्वांत ठळक गोष्ट आठवते. अशा शोधात मी एक क्रम पाळतो. खेळाचे नियम आठवत असतील तर आधी त्यांच्यावर विसंबावे, त्यानंतर हालचालीवर, आणि चित्रांवर सर्वांत शेवटी. पात्राचे कपडे, डोक्यावर काय होते, प्राणी कसे दिसत होते, हे सगळे इतर खेळ, कार्टून आणि मुखपृष्ठे पाहताना मनात सहज मिसळते. पण ‘गोळी वाया घालवू नकोस’ हा नियम जो मुलगा रोज पाळतो, त्याच्या हातात तो बसलेला असतो, आणि दुसरीकडून उसना येण्याची शक्यता फार कमी असते.

माझ्या मनात एक नाव आहे आणि ते बहुतेक बरोबर ठरेल असे वाटते, परंतु ते मी लगेच लिहीत नाही. नाव कळले की तुम्ही चित्रे पाहाल, आणि एकदा चित्रे पाहिली की मुळात काय आठवत होते आणि चित्रातून काय आले, हे तुम्हाला स्वतःलाही वेगळे करता येणार नाही. म्हणून आधी काही प्रश्न विचारतो. जे आठवत नसेल, ते आठवत नाही असेच लिहावे.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. टप्प्यातून बाहेर पडण्यासाठी नेमके काय करावे लागत असे? एकच वस्तू शोधायची होती, ठरावीक संख्या गाठायची होती, की पडलेला प्रत्येक स्फटिक उचलल्याशिवाय सुटका नव्हती? या एका गोष्टीवरून खेळांची घराणी वेगळी होतात. ‘डेंजरस डेव्ह’मध्ये एक चषक पुरतो. १९८४ च्या ‘बोल्डर डॅश’मध्ये हिऱ्यांची ठरवून दिलेली संख्या गाठली की बाहेरचा मार्ग खुला होतो, उरलेले हिरे मागे सोडले तरी चालतात. १९८३ च्या ‘लोड रनर’मध्ये सगळे सोने उचलावे लागते, मगच वर जाणारी शिडी प्रकट होते. १९९३ च्या ‘जेटपॅक’मध्येही सगळे पाचू गोळा केल्यावरच दार उघडते, पण तिथे माणूस बहुतांश वेळ उडत असतो. १९८८ च्या ‘कॅप्टन कॉमिक’मध्ये शिरस्त्राणधारी अंतराळवीर आहे, तथापि तिथे असे सुटे टप्पेच नाहीत. जोडलेल्या प्रदेशांतून फिरत तीन मौल्यवान वस्तू शोधायच्या असतात.

दुसरा प्रश्न पडद्याच्या हालचालीचा आहे. माणूस कडेला पोहोचल्यावर संपूर्ण दृश्य एकदम बदलत असे, की माणसाबरोबर दृश्यही सरकत राहत असे? ‘डेंजरस डेव्ह’मध्ये कडेला गेल्याशिवाय दृश्य हलत नाही, आणि हा फरक लहानपणी न कळताही लक्षात राहतो, कारण कडेपलीकडे काय आहे याची भीती वाटत असते.

तिसरा प्रश्न आवाजाचा. खेळ सुरू असताना मागे सतत संगीत वाजत होते, की फक्त उडी, गोळी आणि स्फटिक यांचे सुटे आवाज येत होते? ॲडलिब हे संगीताचे कार्ड १९८७ मध्ये आले आणि साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये, पण कार्ड महाग असल्याने बहुतेक संगणकांमध्ये मूळचा पीसी स्पीकरच असे. त्यामुळे संगीत न आठवणे हा पक्का पुरावा होत नाही, कारण कदाचित कार्डच नसेल. संगीत आठवत असेल तर मात्र १९९१ च्या आधीचे पुष्कळ खेळ एका झटक्यात वगळता येतात.

चौथा प्रश्न रंगांचा आहे आणि तो जरा सविस्तर मांडतो, कारण काळ ठरवायला त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. सीजीए, ईजीए आणि व्हीजीए ही पडद्यावर रंग दाखवण्याच्या पद्धतींची नावे आहेत. १९८१ च्या सीजीएमध्ये खेळांच्या नेहमीच्या चित्रपद्धतीत एका वेळी चारच रंग दिसत, आणि त्यांचे दोन संच अतिपरिचित होते : काळ्याबरोबर निळसर आकाशी, जांभळट गुलाबी व पांढरा, किंवा काळ्याबरोबर हिरवा, लाल व तपकिरी-पिवळा. १९८४ मध्ये ईजीए आले आणि सोळा रंग एकत्र दिसू लागले. ३२० गुणिले २०० बिंदूंच्या पडद्यावर ते सोळा रंग सहसा तेच ते असत, म्हणून त्या काळातले वेगवेगळ्या कंपन्यांचे खेळही एकमेकांच्या नात्यातले वाटतात. झगझगीत निळा, झगझगीत हिरवा, विटकरी लाल, आणि दगडमातीसाठी हटकून वापरलेला तो विशिष्ट तपकिरी. १९८७ च्या व्हीजीएनंतर २५६ रंग मिळाले आणि चित्रात एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणाऱ्या छटा दिसू लागल्या. तुम्ही सांगितलेले चार रंगांचे स्फटिक एकाच वेळी पडद्यावर दिसत असतील, तर सीजीए बाद होते. भुयाराच्या भिंती सपाट, ठसठशीत रंगांच्या होत्या की छायाप्रकाश असलेल्या, एवढे सांगितले तर उरलेल्या दोहोंतून निवड करता येईल.

शेवटचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. टप्प्याच्या भिंतीवर असे काही होते काय, ज्याला गोळी लागू द्यायची नाही, असे तुम्हाला बजावलेले होते? यापेक्षा अधिक मी सुचवत नाही.

आणि दादा खेळ सुरू करताना काय टाइप करीत असत, त्याचा आकार तरी आठवतो काय? एक मोठा शब्द होता की दोन-तीनच अक्षरे? डॉसमध्ये फाइलच्या नावाला जास्तीत जास्त आठ अक्षरांची मुभा असल्यामुळे नावे आखूड करावी लागत, आणि कधी कधी तेवढा अवशेषच शोधाला पुरतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

इतक्या बारकाईने विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. चित्रे मी मुद्दाम पाहिलेली नाहीत. क्रमाने लिहितो.

सगळे स्फटिक उचलावे लागत, याबद्दल मला किंचितही शंका नाही. शेवटचा एखादा स्फटिक एखाद्या उंच कोनाड्यात राहून गेला, की पुन्हा अख्खे भुयार पालथे घालावे लागे. दार समोर दिसे पण उघडत नसे. आणि आता लिहिताना आणखी एक आठवले : टप्प्यांचा क्रम ठरलेला नव्हता. एका मोठ्या भुयारात अनेक दारे होती आणि त्यांपैकी हवे त्या दारातून आत जाता येई. जे पूर्ण झाले, त्यात पुन्हा जाता येत नसे. अवघड दारे मी दादासाठी राखून ठेवत असे.

दृश्य माणसाबरोबर सरकत असे, एकदम बदलत नसे. संगीत नव्हते, सुटे आवाजच होते, तेही किरटे. दादाच्या संगणकात ध्वनीसाठी वेगळे कार्ड होते की नाही, ते मला ठाऊक नाही. स्फटिक सर्व रंगांचे एकत्र दिसत आणि भिंती सपाट, ठसठशीत रंगांच्या होत्या. छाया वगैरे काही नव्हते.

आपला शेवटचा प्रश्न वाचून मी थक्क झालो. होय! भिंतीवर हवेशी संबंधित काहीतरी यंत्र असे आणि त्याला गोळी लागली तर माणूस तत्काळ मरत असे. दादाने मला त्या बाजूला तोंड करून बंदूक चालवायची सक्त मनाई केली होती. ही गोष्ट मी मूळ प्रश्नात लिहिली नव्हती, कारण आपण विचारेपर्यंत ती मला आठवलीच नव्हती.

टाइप करण्याबद्दल एवढेच सांगता येईल, की तो शब्द नव्हता. एकच कळ दोनदा दाबून मग एक आकडा, असे काहीतरी होते.

प्रतिसाद २ (पुढे)

मग आता नाव लिहायला हरकत नाही. तुमचा खेळ ‘क्रिस्टल केव्ह्ज’ आहे. अपोजी सॉफ्टवेअरने तो १९९१ मध्ये प्रकाशित केला. नायकाचे नाव मायलो स्टीमविट्झ, आणि एकच कळ दोनदा दाबून टाइप केलेली आज्ञा म्हणजे ‘सीसी१’. खेळाच्या दोन शब्दांची आद्याक्षरे आणि पुढे भागाचा क्रमांक.

तो आकडा एक होता आणि दुसरा काही नव्हता, यालाही कारण आहे. अपोजीचे संस्थापक स्कॉट मिलर यांनी १९८७ मध्ये ‘किंगडम ऑफ क्रोझ’पासून एक पद्धत सुरू केली होती. खेळ अनेक भागांत विभागायचा, पहिला भाग शेअरवेअर म्हणून मोकळा सोडायचा, तो कोणीही कोणालाही द्यावा, आणि आवडल्यास उरलेले भाग पैसे भरून मागवावेत. त्यामुळे जगभरात असंख्य लोकांच्या आठवणीत या खेळांचा केवळ पहिलाच भाग आहे. ‘क्रिस्टल केव्ह्ज’चे तीन भाग असून प्रत्येकात सोळा टप्पे आहेत. पहिल्या भागाचे नाव ‘ट्रबल्स विथ ट्विबल्स’. स्फटिक विकून श्रीमंत होण्याचे मायलोचे बेत आणि ते फसणे, अशी त्याची कथा आहे. कथा तुम्हाला आठवत नाही यात मला काहीच नवल वाटत नाही, कारण ती लेखी पानांवर येते आणि ती पाने वाचायला कोणतेही मूल थांबत नाही.

उलटे चालणे खरे आहे. गुरुत्वाकर्षण काही काळ उलटे करणारी वस्तू त्यात मिळते. बंदुकीचा धक्का बसणेही खरे आहे. तो कमी गुरुत्वाकर्षणाच्या टप्प्यांमध्येच बसतो, म्हणून इतरत्र तसे झाल्याचे तुम्हाला आठवत नाही. भिंतीवरचे यंत्र म्हणजे भुयाराला हवा पुरवणारे यंत्र. ते फुटले की हवा संपते आणि मायलोही.

चष्मा आणि बेट यांना मात्र या खेळात जागा नाही. त्या दोन आठवणी मी बाजूला ठेवून पुढे गेलो, एवढे मान्य करावे लागेल.

प्रतिसाद ३

त्या दोन आठवणी बाजूला ठेवू नयेत, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. त्या चुकीच्या नाहीत. त्या दुसऱ्या खेळाच्या आहेत, आणि तो दुसरा खेळही नेमका सांगता येतो : अपोजीचाच, १९९२ चा ‘सीक्रेट एजंट’.

त्यात नायक हा एजंट ००६½ नावाचा गुप्तहेर आहे. टप्पे निवडण्यासाठी वरून दिसणारे बेट आहे, त्यावर चालत जाऊन इमारतीत शिरायचे असते. चष्मा उचलला की अदृश्य असलेले आधार दिसू लागतात. म्हणजे प्रश्नकर्त्यांनी ज्या दोन गोष्टी जुळत नाहीत म्हणून वेगळ्या काढून लिहिल्या, त्या दोन्ही अगदी बरोबर एकाच ठिकाणी जाऊन पडतात. मनाने स्वतःहून काही रचले असते, तर दोन्हींचा मेळ एकाच खेळात इतका चोख बसला नसता.

हे दोन खेळ एकमेकांत का मिसळले, याचे कारणही साधे आहे, आणि ते खेळांच्या आत आहे. ‘सीक्रेट एजंट’ हा ‘क्रिस्टल केव्ह्ज’च्याच इंजिनावर उभा आहे. इंजिन म्हणजे खेळाचा तो भाग, जो पात्राची चाल, उडीची उंची, पडण्याचा वेग, दृश्याचे सरकणे आणि एखाद्या गोष्टीला धडक बसली की काय होते, हे सारे ठरवतो. वरची चित्रे बदलता येतात, टप्पे नवे रचता येतात, कथा तर पूर्णच वेगळी असू शकते, पण बोटांना जाणवणारा खेळ तोच राहतो. उडी मारायला कळ किती आधी दाबायची, अरुंद कड्यावर कुठे थांबायचे, हे एका खेळात शिकलेले मूल दुसऱ्या खेळात न अडखळता वापरते. दोन्हींमध्ये गोळ्या मोजक्याच. दोन्हींमध्ये रंग तेच सोळा आणि आवाज त्याच पीसी स्पीकरचे. दोन्हींमध्ये टप्पे आपल्या मनाने निवडायची मोकळीक. दादांच्या संगणकावर हे दोन्ही खेळ शेजारी शेजारी असतील, तर पाच-सहा वर्षांच्या मुलाने त्यांना एकाच खेळाचे दोन प्रदेश समजणे पूर्णपणे समजण्यासारखे आहे : आधी भुयारे, मग बेट.

प्रतिसाद २ मध्ये नियमांना चित्रांपेक्षा अधिक विश्वासार्ह मानले आहे, आणि एरवी ते योग्यच आहे. पण जिथे दोन खेळांचे नियम आणि हालचाल सारखी असते, तिथे फरक सांगायला चित्र आणि वस्तूच उरतात. इथे चष्म्याने आणि बेटाने ते काम केले. म्हणूनच जो तपशील बाकीच्यांशी जुळत नाही तो गाळण्याऐवजी, त्याच निर्मात्याने त्याच सुमारास काय काय केले होते, हे आधी पाहावे, असे मला वाटते. त्या काळातल्या कंपन्या एकदा लिहिलेले इंजिन पुन्हा पुन्हा वापरत, आणि शेअरवेअरच्या एका फ्लॉपीमागोमाग त्याच कंपनीची दुसरी फ्लॉपी येणे सहज घडे.

आता यावरून प्रश्नकर्त्यांना एक पडताळणी सुचवतो. ‘सीक्रेट एजंट’मध्ये टप्प्याचे दार स्फटिकांनी उघडत नाही, ते सुरुंगाने उडवावे लागते. सुरुंग आधी शोधायचा असतो. शिवाय फ्लॉपी शोधून ती टप्प्यातल्या संगणकाला दिली, की वाट अडवणारे लेझर किरण बंद होतात. खेळातली फ्लॉपी उचलल्याचे किंवा दार उडवल्याचे काही आठवते काय? आणि दादांना विचारताना खेळाबद्दल न विचारता टाइप करण्याबद्दल विचारावे. ‘सीक्रेट एजंट’च्या पहिल्या भागाची आज्ञा ‘एसएएम१’ अशी होती. ज्याने ती अनेकदा टाइप केली, त्याला भुयारे विसरली तरी ती अक्षरे आठवण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दादाशी आत्ताच बोललो. आपण सांगितल्याप्रमाणे मी खेळाचा उल्लेखच केला नाही, फक्त जुन्या संगणकावर खेळ सुरू करताना तू काय टाइप करायचास, एवढे विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सॅम वन.” सॅम हे कोणा मित्राचे नाव असावे असे त्याला तेव्हा वाटत असे, म्हणून ते लक्षात राहिले. ‘सीसी१’ मात्र त्याला आठवले नाही. ते मी सुचवल्यावर तो ‘असेल’ एवढेच म्हणाला, त्यामुळे त्याला मी पुरावा मानत नाही.

लेझर किरण मला आठवतात. फ्लॉपी उचलल्याचे आठवत नाही. सुरुंगाने उडालेले दार आठवते, पण ते मी आत्ता वाचल्यामुळे आठवते की पूर्वीपासून, हे खरोखरच सांगता येत नाही, आणि प्रतिसाद २ मध्ये दिलेला इशारा आता मला नीट समजतो आहे. दोन्ही खेळ मी स्वतः खेळून पाहणार आहे. आजच्या संगणकावर ते कसे चालवावेत, हे कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

प्रतिसाद ४

दोन मार्ग आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळाने जानेवारी २०१५ मध्ये डॉसवरचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्येच चालतील अशा रीतीने उपलब्ध करून दिले आणि त्यानंतर त्या संग्रहात भर पडत गेली आहे. तिथे काहीही स्थापित करावे लागत नाही, त्यामुळे अपोजीच्या अशा जुन्या खेळांची नुसती ओळख पटवायला तेवढे पुरेसे आहे. मात्र नीट खेळायचे असेल तर ब्राउझर गैरसोयीचा ठरतो, कारण या दोन्ही खेळांमध्ये उडीसाठी कंट्रोल आणि गोळीसाठी आल्ट अशा कळा आहेत, आणि त्या कळांना ब्राउझरमध्ये स्वतःचे अर्थ असतात. उडी मारताना चुकून दुसरी एखादी कळ दाबली गेली तर पानच बंद होऊ शकते.

म्हणून आजच्या संगणकावर डॉसचे खेळ चालवणारा डॉसबॉक्स हा कार्यक्रम आपल्या संगणकावर घ्यावा. तो विनामूल्य आहे. शेअरवेअर म्हणून मोकळे सोडलेले पहिले भाग एका फोल्डरमध्ये ठेवावेत, तो फोल्डर डॉसबॉक्समध्ये माउंट आज्ञेने जोडावा आणि मग दादा टाइप करीत असत तेच टाइप करावे. खेळ फार वेगाने पळू लागला तर कंट्रोल आणि एफ-११ एकत्र दाबून तो मंद करता येतो, आणि रेंगाळत असेल तर कंट्रोल आणि एफ-१२ ने जलद करता येतो. हे आधी जुळवून घ्यावे, कारण वेग चुकीचा असला तर उडी ओळखीची वाटणार नाही आणि खेळ तोच असूनही परका भासेल.

‘क्रिस्टल केव्ह्ज’ची २०२० मध्ये आणि ‘सीक्रेट एजंट’ची २०२१ मध्ये नवी आवृत्ती आलेली आहे. ‘क्रिस्टल केव्ह्ज’च्या नव्या आवृत्तीत तर एक चौथा भागही जोडला आहे आणि तो खेळण्यासारखा आहे. पण त्यांत चित्रे आणि आवाज नव्याने केलेले असल्यामुळे आठवण पडताळण्यासाठी सुरुवात त्यांच्यापासून करू नये. आधी मूळचा पहिला भाग सुरू करावा आणि छतावरून चालवणारी ती वस्तू मिळेपर्यंत तरी खेळावा. दादा जवळ असतील तर हवेच्या यंत्राकडे तोंड करून बंदूक कोण चालवणार, हे आधी ठरवून घ्यावे.